३.४ छायाचित्रातील व्यंजना आणि खासगीपणा

अभिधा, लक्षणा व व्यंजना या शब्दशक्तींचा परिचय आपण करून घेतला. ‘सूर्य मावळला’ हे साहित्यशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण आठवा. वाच्यार्थ एकच, परंतु गुराख्याला ती गुरे घरी वळवण्याची, तर चोराला कामाला निघण्याची सूचना वाटते. व्यंग्यार्थ ऐकणाऱ्यानुसार बदलतो.

समाजमाध्यमांवरील छायाचित्रालाही हाच न्याय लागू पडतो. पावसाळ्यात लोणावळ्याच्या भुशी धरणावरून कुटुंबाचे छायाचित्र तत्काळ प्रसारित केले, तर आप्तांना त्यातून आनंद कळतो. अपरिचिताला ‘घराला कुलूप आहे’ हेही कळते. मूळ फाइलमध्ये वेळ आणि स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. मागे भिजलेल्या अनोळखी स्त्रिया वा मुले दिसत असतील, तर त्यांची संमती कोणी घेतली?

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. हा हक्क चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या व्यक्तीचाही आहे. म्हणून छायाचित्र घरी परतल्यावर, स्थळनोंद वगळून व इतरांचे चेहरे झाकूनच प्रसारित करावे.

स्वयं-अध्ययन : मावळातील लोहगडावर काढलेल्या एखाद्या छायाचित्राचा वाच्यार्थ लिहा. तेच छायाचित्र तीन भिन्न व्यक्तींना काय सुचवील, ते नोंदवा.