स्टेडियमचा कॅमेरा आणि नाट्यगृहाचा कॅमेरा

कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यायचाय आणि गाडी दोन नावांवर येऊन अडलीय, असं कुणी सांगत आलं की मी आधी विचारतो, फोटो कुठं काढणार? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘सगळीकडंच.’ एवढ्यावर कॅमेरा ठरत नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माणसाला हे पटवणं त्यातल्या त्यात सोपं जातं. कॅमेऱ्याची दोन टोकांची परीक्षा घेणाऱ्या जागा आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शाहू स्टेडियमवर दुपारचा सामना असला की लख्ख ऊन, पण खेळाडू लांब. केशवराव भोसले नाट्यगृहात नट अगदी समोर असायचे, पण उजेड बेताचा. एका जागी झकास चालणारा कॅमेरा दुसऱ्या जागी मान टाकतो, आणि हे दुकानात काचेच्या कपाटासमोर उभं राहून कधीच कळत नाही.

आमच्या पुतण्यावर तालमीच्या स्मरणिकेचं काम आलं. जुने वस्ताद, तालमीचा हौदा, पाडायला निघालेली जुनी घरं, गणपतीची मिरवणूक आणि फुटबॉलचा संघ, असं सगळं त्यात यायचं होतं. दोन कॅमेरे त्यानं नक्की केले होते. एक कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस, दुसरा सोनीचा आरएक्स१००, तोही पहिला, २०१२ सालचा, वापरलेला. एक नवा आणि एक जुना असल्यामुळं किमतीत फारसं अंतर नव्हतं.

‘काका, ह्या कॅननला चाळीस पट झूम हाय. सोनीला साडेतीन पटच. पैसे जवळजवळ सारखेच. मग ह्योच घ्यायला नको व्हय?’

‘वस्तादांचे फोटो कुठं काढणार?’

‘तालमीत. पहाटं, पोरं मेहनत करत असताना.’

‘उजेड किती असतोय तिथं?’

‘दोन बल्ब हायत. त्यातला एक जातोय-येतोय.’

त्या दोन बल्बांवरच सगळा निर्णय उभा होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले आकडे इथं उपयोगाचे नसतात. मेगापिक्सेलचंच बघा. दोन्ही कॅमेरे वीस मेगापिक्सेलच्या आसपासचे. स्मरणिकेचं ए-फोर आकाराचं अख्खं पान तीनशे डीपीआयनं छापायला नऊ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. तेव्हा ह्या आकड्यावरून दोन कॅमेऱ्यांत डावं-उजवं करणं व्यर्थ.

बघायचा तो सेन्सर, म्हणजे ज्याच्यावर उजेड पडून चित्र तयार होतं तो आतला तुकडा. एसएक्स७४०चा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. आरएक्स१००चा १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, क्षेत्रफळानं चौपट. दुसरी बघायची ती लेन्सवर बारीक अक्षरांत कोरलेली एफची संख्या. ती जितकी लहान तितकी लेन्स जास्त उघडते. आरएक्स१००ची लेन्स जवळच्या टोकाला एफ १.८ पर्यंत उघडते, एसएक्स७४०ची एफ ३.३ पर्यंत. ह्या फरकानं साडेतीन पटीच्या जवळपास जास्त उजेड आत येतो. सेन्सरची चौपट आणि लेन्सची साडेतीन पट यांचा गुणाकार केला की अंधाऱ्या जागी दोन कॅमेऱ्यांत जवळजवळ चौदा पटींचं अंतर पडतं. खोक्यावर चाळीस ही संख्या छापतात, चौदा छापत नाहीत.

आता चाळीस पट झूमच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण ती गोष्ट खोटी नाही. एसएक्स७४०ची लेन्स २४ पासून ९६० मिलिमीटरपर्यंत जाते. स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पलीकडच्या गोलकीपरच्या हातमोज्यांपर्यंत पोचता येतं. आरएक्स१०० शंभरावर थांबतो, त्यात तो गोलकीपर मुंगीएवढा दिसतो. ते चित्र घरी कापून मोठं केलं तर हाती फार काही लागत नाही. ज्याला फुटबॉलच टिपायचाय, राजाराम तलावावरचे पक्षी टिपायचेत, त्यानं डोळे झाकून लांब झूमचा घ्यावा. फक्त एक ध्यानात ठेवावं. त्या शेवटच्या टोकाला ही लेन्स एफ ६.९ वर येते, म्हणजे खिडकी जवळपास मिटलेली. दुपारच्या उन्हात त्यानं अडत नाही, पळता खेळाडूही गोठवता येतो. उन्हं कलली की कॅमेरा आपोआप शटर सावकाश करतो आणि आयएसओ चढवतो. मग चुरशीच्या सामन्यातला शेवटच्या दहा मिनिटांतला गोल, ज्याच्यासाठी सगळं स्टेडियम उभं राहतं, तोच नेमका पुसट येतो. आणि झूम म्हणून जे मोजायचं ते ऑप्टिकल. डिजिटल झूम म्हणजे निघालेलं चित्र कापून ताणणं, ते घरी संगणकावरही करता येतं. त्याचे पैसे मोजू नका.

मला ह्या गोष्टी ज्या कॅमेऱ्यानं शिकवल्या तो लांब झूमचा होता. राज्य नाट्य स्पर्धेतली नाटकं मी केशवराव भोसले नाट्यगृहात त्याच्यावर टिपत असे. मागच्या रांगेत बसून झूम करायचो आणि कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो बरे दिसायचे. घरी संगणकावर उघडले की कळायचं. एका नाटकात आईचं काम करणाऱ्या बाईंनी हिरवी काठापदराची साडी नेसली होती. फोटोत तिच्या जरीच्या काठाचा एक सलग पिवळा पट्टा झाला होता, बुट्ट्यांचा पत्ता नाही. चेहऱ्यावर रंगभूषेनं काढलेल्या सुरकुत्या गायब, गाल मेणासारखे गुळगुळीत. लहान सेन्सरवर उजेड कमी पडला की चित्रात दाणे उमटतात. ते लपवायला कॅमेरा सगळं सारवून टाकतो, आणि दाण्यांबरोबर सुरकुत्याही जातात. त्या बाईंनी डोळ्यांनी जे काम केलं होतं, ते माझ्या एकाही फोटोत नाही.

हे एवढं मनाला लागायचं कारण आहे. शाहू महाराजांनी उभारलेलं हे नाट्यगृह, मूळचं पॅलेस थिएटर, १९१५ सालचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत गेलं. केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. पुन्हा उभारणीचं काम हाती घेतलं गेलं, ते व्हायलाच हवं होतं. पण शंभर वर्षांच्या त्या लाकडावर पडलेला दिव्यांचा उजेड जसा होता तसा परत कुणाला टिपता येणार नाही. त्या रात्रीनंतर कितीतरी घरांत माणसं आपापले जुने फोटो काढून बसली. मीही बसलो. स्टेडियमचे फोटो माझ्याकडे पुष्कळ होते आणि सुरेखही होते. नाट्यगृहाच्या आतले जे होते ते सगळे सारवलेले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. एकच कॉम्पॅक्ट घ्यायची ऐपत असेल आणि विषय आपली माणसं, आपलं घर, आपली पेठ असा असेल, तर मोठ्या सेन्सरचा घ्या. लांबच्या गोष्टीकडं आपण चार पावलं चालत जाऊ शकतो, पुढच्या रांगेतली खुर्ची मागू शकतो. वस्तादांच्या खोलीत उजेड मात्र आपल्याला वाढवता येत नाही, आणि फ्लॅश मारला तर खोलीचं खोलीपणच जातं. उजेडावरून आठवलं, आमच्या खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून. पेंटरांनी १९१८ साली स्वतःच्या हातानं चित्रपटाचा कॅमेरा बांधला हे कोल्हापुरात पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण १९२३ च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशही वापरला, हे कमी जणांना आठवतं. कॅमेरा झाल्यावर तो माणूस उजेडाच्या मागं लागला. त्यांना दिवे लावता आले. आपण दुसऱ्याच्या घरात पाहुणे असतो, म्हणून आपल्याला कमी उजेडात चालणारा सेन्सर लागतो.

‘मोबाइल हाय की,’ असं पुतण्याचे मित्र म्हणत होते. स्थिर वस्तूला, जुन्या घराच्या चौकटीला, आजचा चांगला मोबाइल पुरतो. रात्रीच्या उजेडात मात्र तो बरीच चित्रं एकावर एक रचून एक फोटो बनवतो. जोर मारणारा पैलवान तेवढ्या वेळात हललेला असतो.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. दोन्ही कॅमेऱ्यांत तेच कार्ड घालून तोच फोटो काढा, एक दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यातल्या माणसाचा, फ्लॅश बंद करून, आणि एक दारातून रस्त्यापलीकडच्या पाटीचा. तिथल्या तिथं ठरवू नका. कार्ड घरी आणून मोठ्या पडद्यावर बघा. पुतण्यानं हेच केलं. कोपऱ्यात बसलेल्या दुकानातल्या पोराचा फोटो एका कॅमेऱ्यात असा आला होता की शर्टाची वीण मोजता यावी, दुसऱ्यात शर्ट म्हणजे नुसता निळा रंग. नंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही. दुकानदार अशी चाचणी करू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा. आणखी एक, दोन्हींपैकी एकालाही डोळा लावून बघायची खिडकी नाही. उन्हात मागचा पडदा किती दिसतो हे रस्त्यावर येऊन बघाच.

वापरलेला घेताना काळजी दुप्पट. कॅमेरा पाच-सहा वेळा चालू-बंद करा आणि लेन्स बाहेर येताना कान द्या. कुर्रकुर्र आवाज आला, लेन्स अडखळली, तर तो हातातही धरू नका. मग जितकी बंद होते तितकी लेन्स बंद करून, म्हणजे एफची मोठी संख्या लावून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. त्यात काळसर ठिपके दिसले तर आत धूळ बसलीय. लेन्समध्ये तिरपा टॉर्च मारून बुरशीचे पांढरे धागे शोधा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी हमखास धरते, आणि कॉम्पॅक्ट उघडून साफ करणं म्हणजे मोठा खर्च. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कॅमेरा ठेवला तर हे संकट टळतं. वापरलेल्यातही फार जुना, वीस वर्षांपूर्वीचा, सध्या तरुणांत फॅशन आहे म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर आधी कार्ड कुठलं लागतं ते विचारा. काहींना एक्सडी कार्ड लागतं, काहींना मेमरी स्टिक, काही दोन जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड ओळखतच नाहीत. बॅटरी नवी मिळते का, हेही त्याच वेळी. नव्या कॅमेऱ्याचं जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी दोन्ही मागून घ्या. बिलाशिवाय दोन-चार हजार कमी सांगणारा माल बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो, तो बिघडला की अधिकृत सेवा केंद्रात वॉरंटीतून दुरुस्त करून मिळत नाही.

आणि कोल्हापुरात राहून गुलालाचं सांगितल्याशिवाय कसं चालेल! खिशात मावणाऱ्या ह्या बहुतेक कॅमेऱ्यांची लेन्स नळीतून बाहेर येते आणि आत जाते. बाहेर येताना ती भोवतालची हवा आत ओढते, हवेत जे असेल तेही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत माझ्या एका जुन्या कॅमेऱ्याचं तेच झालं. सासनकाठ्या नाचत होत्या, आकाश गुलाबी झालं होतं. दोन दिवसांनी घरी कॅमेरा चालू केला, तर लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबली आणि पडद्यावर लेन्समध्ये दोष असल्याची सूचना आली. कारागिरानं उघडून दाखवला तेव्हा आतल्या बारीक दातेरी चाकांच्या ग्रीसवर गुलालाचा थर बसला होता, लोण्यावर हळद-कुंकू सांडावं तसा. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या उरल्या किमतीपेक्षा जास्त निघाला. तेव्हा यात्रा, विजयी मिरवणूक, निवडणुकीचा निकाल, ह्या ठिकाणी नळीची लेन्स नेऊच नका. पाण्यात चालणारे मजबूत कॉम्पॅक्ट मिळतात, त्यांची लेन्स आतल्या आत हलते. ते नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल बरा.

गणपतीच्या मिरवणुकीत दुसरा धोका लेझरचा. लेझरचा झोत सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपका उमटतो, तो पुढच्या प्रत्येक फोटोत येतो. डोळ्यालाही तो तितकाच घातक. लेझर असलेल्या मंडळासमोर कॅमेरा झाकूनच पुढं सरका, त्या फोटोचा मोह धरू नका.

पुतण्यानं शेवटी मोठ्या सेन्सरचा घेतला. पहाटेच्या हौद्यातली पोरं, वस्तादांचे कुस्तीनं चेपलेले कान, एका जुन्या घरातली धुरकटलेली चूल, सगळं त्यावर स्वच्छ आलं. फुटबॉलसाठी त्यानं तालमीतल्याच एका पोराला हाताशी धरलं, त्याच्याकडे लांब झूमचा आहे. सामन्याची पानं त्याच्या नावानं छापली. छापखान्यात पहिल्या प्रुफात काही फोटो पुन्हा सारवलेले दिसले तेव्हा मीच आधी सेन्सरकडं बघितलं, पण दोष कॅमेऱ्याचा नव्हता. पोरांनी ते व्हॉट्सॲपवरून पाठवले होते, आणि पाठवताना ते दाबून लहान होतात. मूळ फाइली पेन ड्राइव्हवर घालून छापखान्यात नेऊन दिल्या. एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, एक तालमीच्या कपाटात ठेवली, दोन्हींवर फोटोतल्या माणसांची नावं आणि सालं लिहून.