आजचं चिंतन : हा विचार मला कुठे नेतोय?

आज योगसूत्रं, साधनपाद, सूत्र ३३ आणि ३४.

लोणावळ्याचं कैवल्यधाम आपल्याला माहीत असतं ते आसन-प्राणायामासाठी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ते स्थापन केलं आणि योग प्रयोगशाळेत तपासला. पण पतंजलींच्या आठ अंगांत आसनांच्या आधी येतात यम-नियम. त्यांच्या आड येणाऱ्या विचारांवर उपाय सांगितलाय : प्रतिपक्षभावन.

आपण याचा अर्थ ‘पॉझिटिव्ह विचार करा’ एवढाच घेतो. पण रात्री अकराला कुणाला तरी दुखवायचे बेत मनात सुरू झाले, की ते जमतं का? ३४वं सूत्र वाट दाखवतं. हे लोभातून आलंय, रागातून की मोहातून? सौम्य, मध्यम की तीव्र? मी स्वतः करतोय, दुसऱ्याकडून करवतोय की नुसती संमती देतोय? ग्रुपवरच्या बोचऱ्या टोमण्याला हसून दाद देणं, तेही यातच आलं! आणि फळ? न संपणारं दुःख आणि अज्ञान.

म्हणजे विचाराशी भांडायचं नाही. तो कुठे नेतोय ते शेवटपर्यंत बघायचं. शेवट दिसला की पकड आपोआप सैल होते.

आज एकच विचार असा तपासून बघूया?