पायाच्या मुंग्या लपवणाऱ्या भाच्यास



क्षयावरील काही औषधे जंतूंबरोबर मज्जातंतूंनाही, म्हणजे मेंदू आणि अवयव यांच्यात संवेदना वाहणाऱ्या तंतूंनाही, इजा करतात हे खरे आहे; परंतु तेवढ्यावरून चेंबूरच्या घाटल्यात राहून एमडीआर क्षयाचे, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे, उपचार घेणाऱ्या भाच्याने पायाला मुंग्या येतात हे उपचार केंद्रात न सांगता, ‘या गोळीने माणूस पांगळा होतो’ अशा ऐकीव बोलण्यावर गोळ्या डबीत साठवाव्यात, हे कळल्यापासून त्याच्या थोरल्या मावशीच्या जिवाला चैन नाही.

त्याच्या गोळ्यांपैकी लिनेझोलिड हे औषध जंतूंच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेला, अडवते. मानवी पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे रायबोसोमही तशाच घडणीचे असल्याने महिनोन्‌महिने औषध चालू राहिले की तेही अडतात आणि सर्वांत लांब असलेले पायांचे मज्जातंतू आधी दुखावतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निक्स-टीबी चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम मात्रेने ८१ टक्के रुग्णांना ही इजा झाली. २०२२ च्या झेनिक्स चाचणीत मात्रा ६०० मिलिग्रॅमवर आणलेल्या एका गटात ती २४ टक्क्यांवर उतरली आणि तरीही ९१ टक्के रुग्णांचा उपचार यशस्वी झाला. म्हणजे वाट आहे, पण मात्रा उतरवायची की औषध थांबवायचे हे डॉक्टर ठरवतात, आणि मुंग्या सांगितल्या तरच ठरवू शकतात. परस्पर सोडलेल्या गोळीने उरलेले जंतू मात्र अधिक चिवट होतात.

औषधाची अशीच इजा सोसलेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची श्रवणशक्ती २०१३ साली क्षयाच्या इंजेक्शनांनी गेली. त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासह बेडाक्विलिन या क्षयावरील गोळीच्या पेटंटची मुदतवाढ रोखण्यासाठी अर्ज केला आणि २३ मार्च २०२३ रोजी भारताच्या पेटंट कार्यालयाने ती नाकारली. चिरंजीवाच्या डबीत पडून असलेल्या गोळ्यांमागे अशा माणसांची झुंज आहे, याचा त्याला विसर पडावा हे मावशीला सहन होत नाही.

घरातल्या दादामामांचा कानही स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरील जुन्या औषधाच्या सुयांनीच गेला होता. त्या काळी तरुण असलेली मावशी तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगावे लागले की चिडून उठून जाई, आणि त्या मुकाट माणसाला नेमके काय होते हे तिने कधी विचारले नाही, याची खंत तिला अजून आहे. म्हणूनच भाच्याच्या मुंग्यांविषयी ती पुन्हा पुन्हा विचारते.

रागावण्यासारखे होते म्हणून वर रागावून झाले. भ्यायल्याबद्दल मात्र चिरंजीवावर कोणाचाही राग नाही. अक्षरे किंवा रंग फिके दिसू लागले तर तेही त्याच दिवशी सांगावे, कारण हेच औषध डोळ्याच्या मज्जातंतूलाही बाधते. बधिर पावलाला जखम कळत नाही, म्हणून रोज रात्री तळवे पाहावेत आणि अनवाणी फिरू नये. मावशी सोमवारी येत आहे, मऊ तळाच्या चपला घेऊन. केंद्रात ती सोबत येईल, आणि त्याला बोलणे जड गेले तर मुंग्यांचे सगळे तीच सांगेल.