कारखान्यातील इंग्रजी आणि आपले विद्यार्थी

दहावीनंतर आपले पुष्कळ विद्यार्थी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर, टर्नर, वेल्डर किंवा इलेक्ट्रिशियन होण्यासाठी प्रवेश घेतात. हातातील काम ते चटकन आत्मसात करतात. अडतात ते इंग्रजीपाशी. त्यांच्यासाठी शब्दसूची करावयाची म्हटली की आपण शिक्षक कोश उघडून पहिल्या अक्षरापासून उतरवू लागतो. ही रीत मला निरुपयोगी वाटते.

कारण कारखान्यात ओळखीचाच शब्द निराळा अर्थ घेऊन येतो. तेथे फाईल म्हणजे कानस आणि डाय म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार. ‘टॉलरन्स’चा कोशातील अर्थ सहिष्णुता, फिटरच्या लेखी तो मापात चालू शकणारा फरक. ड्रॉइंगवर 25 मिलिमीटर, अधिक-उणे 0.02 असे असेल, तर 24.98 ते 25.02 पर्यंतचा जॉब स्वीकारला जातो, 25.04 चा बाद होतो. हा शब्द घोकून येत नाही. हाती वर्नियर असतानाच तो कळतो.

मानखुर्दच्या मुलांच्या सूचीत मी पहिला शब्द ‘इन्फ्लेमेबल’ घालीन. शेजारच्या माहुल-ट्रॉम्बे भागात तेलशुद्धीकरण कारखाने आहेत आणि इंधनाच्या टँकरांवर हा शब्द ठळक लिहिलेला असतो. ‘इनकम्प्लीट’ म्हणजे अपूर्ण, ‘इन्व्हिजिबल’ म्हणजे अदृश्य, हे शिकलेला मुलगा याचा अर्थ ‘न पेटणारे’ असाच लावील. त्याचा तर्क चुकीचा म्हणवत नाही, पण तो जिवावर बेतू शकतो. हा ‘इन’ नकाराचा नव्हे. पेटविणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो आला आहे. हल्ली ‘फ्लेमेबल’ असेही लिहितात. दोहोंचा अर्थ एकच, सहज पेट घेणारे.

बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य वर्गाच्या मुलांसाठी तांत्रिक शिक्षणाची, सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीची मागणी केली होती. त्याच बाबासाहेबांनी पाली शब्दकोश रचताना इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती व हिंदी अर्थही दिले. तो त्यांच्या समग्र लेखनाच्या 16 व्या खंडात आहे. शब्द परका असला तरी वाचकाच्या भाषेतून त्याच्यापर्यंत पोहोचावे, ही रीत आपल्यालाही घेता येईल. ‘वॉशर’समोर पुस्तकी प्रतिशब्द न लिहिता मुलाच्या कानावरचा ‘वायसर’ लिहावा, ‘स्पॅनर’समोर ‘पाना’, आणि प्रत्येक शब्दाखाली यंत्राच्या माहितीपुस्तिकेत असते तसे एक छोटे वाक्य.

कारखान्यांत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कामाच्या ठिकाणचे सूचनाफलक वहीत उतरवून विद्यालयाकडे पाठवावेत. सूचीचा आरंभ त्यांतूनच करता येईल.