चिबड रान कसे सुधारते?

ज्या जमिनीत पाणी साठून राहते आणि लवकर वाफसा येत नाही, तिला चिबड किंवा पाणथळ जमीन म्हणतात. वर पांढरे मीठ फुटले की ती क्षारपड झाली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात अशी जमीन शिरोळ तालुक्यात फार आहे. आमचेही दीड एकर रान चिबड आहे. आज्जा सांगतो, तिथं पूर्वी जोंधळा लई भारी यायचा. आता नुसतं लव्हाळं.

असे का होते? काळी माती चिकट असते, ती पाणी लवकर खाली सोडत नाही. त्यात आपण उसावर ऊस घेतो आणि लाईट आली की मोटार चालू! जुन्या ओघळीही बुजवल्या. मग पाणी जाणार कुठे? ते जमिनीतून वर चढते. उन्हाने पाणी उडून जाते, पण त्यातला क्षार वरच राहतो. गुरुजींनी वर्गात विटेचा तुकडा मिठाच्या पाण्यात उभा ठेवला होता. काही दिवसांनी विटेच्या वरच्या टोकाला पांढरे मीठ आले. आम्ही चाटून बघितले, खारटच होते.

मुळांनाही हवा लागते. मातीच्या फटीत पाणी भरले की मुळे गुदमरतात आणि कुजतात. भाताच्या खोडात व मुळात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. पानाकडची हवा त्यातून खाली जाते, म्हणून गगनबावड्याकडे भात चिखलात खुशाल उभा राहतो. पण पुरात सगळा बुडाला तर तोही मरतो. त्यासाठी शास्त्रज्ञांनी ओडिशातल्या एका जुन्या भाताचा गुण घेऊन ‘स्वर्णा सब-१’ ही जात तयार केली. ती २००९ साली आपल्या देशात आली. दोन आठवडे पाण्याखाली राहूनही ती परत फुटते! गहू, हरभऱ्याला हे जमत नाही. उसालाही फार दिवस साठलेले पाणी सोसत नाही.

म्हणून पाणीच बाहेर काढायचे. हरियाणात कर्नाल येथे १९६९ सालापासून खारवट जमिनीवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. आपल्या जवळ सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, तिथेही हे काम झाले. रानात साधारण एक ते दीड मीटर खोल चर काढून भोकाच्या प्लॅस्टिक नळ्या पुरतात. भोकात माती जाऊ नये म्हणून नळीला जाळीचे कापड गुंडाळलेले असते. साठलेले पाणी नळीत झिरपते, तिथून मोठ्या नळीत आणि मग ओढ्यात. वरून पाऊस पडला की मीठही धुऊन जाते. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र करून गावोगावी अशा नळ्या टाकायला मदत केली. जमीन चोपण असेल तर जिप्समही टाकतात, ताग किंवा धैंचा पेरून गाडतात. पण निचरा नसेल तर जिप्समचे पैसे वाया, असे गुरुजी म्हणाले.

नळीला खर्च येतोच. पण आमची अडचण निराळी आहे. ओढा आमच्या रानाला लागून नाही, मध्ये तिघांची राने आहेत. मोठी नळी त्यांच्या बांधाखालूनच न्यावी लागणार. दोघांनी हो म्हटले आहे. तिसऱ्यांचे रान अजून चांगले आहे, ते म्हणतात, माझा ऊस उभा आहे, मी चर कशाला काढू देऊ? त्यांचा ऊस तुटला की आज्जा आणि बाबा परत विचारायला जाणार आहेत.

– इयत्ता चौथी