‘वयाप्रमाणे आहे काकू’

आमच्या यांचा टूडी एको झाला तो हर्नियाच्या ऑपरेशनमुळे. फिटनेस द्यायला आलेल्या फिजिशियननी छातीला नळी लावली, उजवीकडे वरच्या फासळ्यांपाशी जरा जास्त वेळ रेंगाळले आणि म्हणाले, “मर्मर वाटतोय, एको करून घ्या.” त्या माणसाचे मी आजही आभार मानते. माझी तक्रार आहे ती पुढच्या हृदयरोगतज्ज्ञांबद्दल.

रिपोर्टच्या तळाशी निष्कर्ष होता: एओर्टिक व्हॉल्व्ह स्क्लेरोटिक, स्टेनोसिस नाही, ईएफ 60 टक्के. मी विचारलं, “डॉक्टर, हे स्क्लेरोटिक म्हणजे काय?”

“वयाप्रमाणे आहे काकू. केस पिकतात तशी झडप जाड होते. उघडतेय व्यवस्थित. हार्ट एकदम ओके.”

“पण जाड का झाली? आणखी काही तपासायला हवं का?”

तोवर त्यांनी पुढची फाईल उघडली होती. “गूगल वाचून येत जाऊ नका,” एवढंच म्हणाले. गूगल मी उघडलंही नव्हतं. पैसे भरून काढलेला रिपोर्ट तेवढा वाचला होता. बाहेर आल्यावर दीर हसून म्हणाले, “वहिनींना कशातही खुसपट काढायची सवयच आहे.” हेही हसले.

हर्नियाचं निभावलं. पण त्या ‘एकदम ओके’ने घात केला. यांना जणू लेखी प्रमाणपत्रच मिळालं. बीपीची गोळी आठवली तर घ्यायची, जेवणानंतर तंबाखूची चिमूट ठरलेली, आणि मी तोंड उघडलं की उत्तर तयार: “एको नॉर्मल आहे.”

पुढे एका पहाटे जबड्यापासून छातीपर्यंत दुखायला लागलं, सदरा घामाने चिंब. दीर सोड्याची बाटली घेऊन आले, पित्त झालंय म्हणाले. मी गाडी काढायला लावली. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट पडले. वाचले.

आयसीयूच्या दारात एक तरुण डॉक्टर मुलगी जुनी फाईल चाळत होती. एकोच्या पानावर थांबली. “तेव्हा यांचं कोलेस्टेरॉल किती होतं? शुगर?” मी म्हटलं, कुणी पाहिलंच नाही. तिने त्याच ओळीवर, ‘स्क्लेरोटिक’ या शब्दाखाली, पेनाचं टोक टेकवलं. “झडपेवर असं दिसलं की आम्ही रक्तवाहिन्यांचाही विचार करतो, काकू.” ती शांतपणे बोलली, पण माझ्या कानशिलात आग पेटली. मी नेमकं हेच विचारलं होतं, आणि त्यावर मला गूगलचा टोमणा मिळाला होता.

नंतर आमच्या मुलीने शोधून समजावून दिलं ते असं. झडपेचं पान नुसतं वापरून झिजत नाही. त्यात कोलेस्टेरॉलचे कण शिरतात, दाह होतो, मग चुना साठतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही बरंचसं हेच चालतं. वय, बीपी, सिगारेट, वाईट कोलेस्टेरॉल ही कारणंही तीच. म्हणून झडप स्वतः त्रास देत नसली तरी आत काय चाललंय याची ती चुगली करते. अमेरिकेत 65 वर्षांवरच्या पाच हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास करून कॅथरीन ओटो आणि सहकाऱ्यांनी 1999 साली हे मांडलं. त्यातल्या 29 टक्के लोकांत अशी जाड झडप सापडली. आधीपासून हृदयविकार नसलेल्यांतही, ज्यांना ती होती त्यांच्यात पुढच्या सुमारे पाच वर्षांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका निम्म्याने जास्त निघाला. म्हणजे ‘वयाप्रमाणे’ म्हणावं तर म्हातारपणीही बहुतेकांना ती नव्हतीच. हा अभ्यास आमच्या एकोच्या कितीतरी आधीचा आहे. तज्ज्ञांना तो ठाऊक नसेल असं मी तरी मानत नाही.

कुणी म्हणेल, तेव्हा कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली असती तरी झटका आलाच असता. असेलही. झडपेमुळे झटका आला असंही मी म्हणत नाही. पण निदान रक्त तपासलं असतं, तंबाखूवरून कुणीतरी पांढऱ्या कोटातलं रागावलं असतं. माझं रागावणं या घरात चालत नाही.

तर आता ऐका. एको चांगला आला म्हणजे हृदयाच्या नळ्या मोकळ्या, असं नाही. ईएफ म्हणजे पंप किती जोर लावतो त्याचा आकडा. नळ्यांत अडथळे असूनही बसल्या जागी तो 60 येऊ शकतो. हे मला आयसीयूच्या बाहेर कळलं, तुम्हाला घरी बसून कळू दे.

नुसता निष्कर्ष वाचून फाईल मिटू नका. आत एओर्टिक झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग दिलेला असतो. नुसती जाड झडप असली की तो साधारण सेकंदाला दोन मीटरच्या आसपास किंवा कमी असतो, चारला पोचला की झडप फार चिंचोळी झाली असं धरतात. हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि पुढचा एको कधी करायचा ते विचारूनच उठा. दरवर्षी शंभरातल्या साधारण दोघांचीच झडप पुढे चिंचोळी होत जाते, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण चढावर धाप, छातीत आवळल्यासारखं, श्रमाने चक्कर, असं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

शेजारच्या बाईंनी मला यांचं दूध बंद करायला सांगितलं, चुना वाढतो म्हणून. झडपेतला चुना दुधातून येत नाही. उलट कोलेस्टेरॉलची गोळी झडप साफ करेल अशी आशाही नको. चिंचोळ्या झडपांवर मोठ्या चाचण्या झाल्या, 2008 मधली सीस ही त्यातली एक, आणि या गोळीने, म्हणजे स्टॅटिनने, झडपेचा आजार थांबला नाही. गोळी देतात ती रक्तवाहिन्यांसाठी. मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका.

बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, चालणं, मीठ, तंबाखू हे सगळे सांगतातच. मीही सांगते, ऐकत कुणी नाही.

एक मात्र कुणी आपणहून सांगत नाही: लायपोप्रोटीन (ए) ही रक्ताची तपासणी. ते बहुतांशी आनुवंशिक असतं, झडप आणि रक्तवाहिन्या दोन्हींना बाधतं. साधारणपणे आयुष्यात एकदा करून पुरते. लॅबमध्ये नाव नीट सांगा. आमच्याकडे पहिल्यांदा अपोलायपोप्रोटीन ए-1 करून दिलं, ती वेगळीच तपासणी, आणि पैसे परत द्यायला काउंटरवरच्या पोराने चांगली हुज्जत घातली. एकाचं वाढलेलं निघालं तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही करून घ्यावी. यांचं वाढलेलं निघालं. मुलीने लगेच केली. दिरांनाही मी निरोप धाडला, तर “वहिनींचं चालूच असतं” म्हणाले. गेल्या महिन्यात गुपचूप करून आले. वाढलेलं आहे. आता कुठला डॉक्टर बरा, हे ते जाऊबाईंमार्फत विचारताहेत.