गूगल ओटीवर, माजघरात नाही

१. गूगलपासून लांब जायचं तर मला आधी गूगलचाच फोन विकत घ्यावा लागला. ग्रॅफीनओएस ही खासगीपणा जपणारी प्रणाली मी घेतली तेव्हा फक्त पिक्सेलवर चालत होती, कारण त्याचं कुलूप उघडून दुसरी प्रणाली बसवता येते आणि पुन्हा कुलूपही लावता येतं. केबल जोडून, ब्राउझरमधून काम झालं. समोर काळा पडदा आणि मोजकी ॲप्स. मी उगाचच कॉलर ताठ केली.

२. कोणती प्रणाली वापरायची हे शेवटी बँक ठरवते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण भाजीच्या गाडीसमोर तो निकाल दाखवून चालत नाही. माझ्या बँकेच्या ॲपने गूगलकडे चौकशी केली, ‘हा फोन प्रमाणित आहे का?’ उत्तर नकारार्थी आलं आणि ॲप उघडेना. हातात मेथीची जुडी, खिशात नोटा नाहीत, मागे रांग. “राहू द्या दादा, उद्या द्या,” मावशी म्हणाल्या. गंमत म्हणजे घरातल्या ज्या जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं कधीच बंद झालंय, त्याच्यावर तेच ॲप निमूट चालतं. माझा अद्ययावत फोन मात्र संशयित.

३. तडजोड वाटली होती तितकी लाजिरवाणी नसते. ग्रॅफीनमध्ये गूगलच्या प्ले सेवा साध्या ॲपसारख्या बसवता येतात, विशेष अधिकार न देता. मी त्यांच्यासाठी वेगळं प्रोफाइल केलं. टॅक्सी आणि ज्यांचं गूगलशिवाय पान हलत नाही अशी ॲप्स तिथे. गूगलला ओटीवर बसवलंय, माजघरात प्रवेश नाही. बँकेला एवढ्यानेही समाधान नव्हतं, म्हणून तो जुना फोन आता पिशवीत असतो. एका फोनचे दोन झाले.

४. ॲपलचाही विचार केला. २०२१ पासून आयफोनवर दुसऱ्या कंपन्यांच्या ॲप्सना माग काढण्याआधी विचारावं लागतं, आणि बँकाही कुरकुरत नाहीत. फक्त विश्वास एका कंपनीवर टाकायचा, आणि पैसेही मोजायचे.

५. माझा नंबर माझा नाहीच. कोणत्या ॲपला कोणते संपर्क दिसावेत हे मी निवडून देतो. पण तोच नंबर मामाच्या, इस्त्रीवाल्याच्या, शाळेतल्या मित्रांच्या फोनमध्ये नावासकट आहे आणि त्यांनी सगळ्या ॲप्सना ‘परवानगी द्या’ कधीच दाबून टाकलंय. माझं एवढं काटेकोर वागणं तिथे कुणाच्या खिजगणतीत नाही.

६. सगळ्यात जास्त खजील केलं ते नकाशाने. निघण्यापूर्वी चांदणी चौकातली लाल रेघ मी आजही बघतो. ती रेघ इतरांच्या फोनवरून जाणाऱ्या ठिकाणांच्या माहितीतून तयार होते. म्हणजे लोकांनी द्यायचं, मी फक्त घ्यायचं. आई एसटीने निघाली की मीच तिला लोकेशन पाठवायला सांगतो. “आणि तुझं कधी दिसत नाही ते?” तिने विचारलं. मी विषय बदलला.

आईचा फोन साध्या अँड्रॉइडवरच ठेवलाय. त्यातला जाहिरातींचा आयडी काढून टाकला आणि ज्या ॲप्सना सतत ठिकाण कळत होतं, त्यांची परवानगी ‘फक्त ॲप वापरताना’ केली. चहा होईपर्यंत उरकलं. प्रणाली बदलायची की नाही ते नंतर बघा, आधी एवढं करून टाका.